घोंगडीच्या रेघा

आमच्या पुढच्या खोलीत एका धनगराचं चित्र आहे. घरी येणारा माणूस चहा येईपर्यंत त्याच्याकडे बघत बसतो आणि चहा आला की विचारतो, हे कोण, तुमचे आजोबा का. पहिली काही वर्षं मी नीट सांगायचे. हे छापील चित्र आहे, तांब्याच्या पत्र्यावर टोकदार हत्यारानं रेघा कोरायच्या, त्या रेघांत शाई भरायची आणि ओलसर कागद त्यावर दाबून उचलायचा, अशी ती जुनी रीत. चित्र शंभर वर्षांहून जुनं असावं. माणूस कोण ते मला ठाऊक नाही. एवढं होईपर्यंत पाहुण्याचा चहा संपलेला असायचा. आता मी "हो, आजोबा" म्हणते आणि विषय मिटवते.

हे चित्र आमच्याकडे आलं ते देवाच्या पाठीमागून. सासूबाईंनी कपिलधारच्या यात्रेत महादेवाची तसबीर घेतली होती. पंधराएक वर्षांपूर्वी ती खिळ्यावरून निसटली आणि काच फुटली. काच बदलायची म्हणून मी मागचा पुठ्ठा उचकटला, तर देवाला नीट बसवण्यासाठी मधे एक जाड कागद घातलेला. उलटून बघितला तर हा माणूस. कुठल्यातरी जुन्या पुस्तकातून सुटलेलं पान असणार. खाली ना नाव, ना गाव. जुनी लाकडी चौकट मी याला दिली आणि महादेवाला नवी आणली, यावरून सासूबाई आठवडाभर माझ्याशी धड बोलल्या नाहीत. देवाला उठवून धनगराला बसवलं, असं त्या शेजारी सांगत फिरल्या. महादेवाची काही तक्रार नाही, मग तुमची का, असं मी विचारलं आणि आणखी एक आठवडा वाढवून घेतला.

मी गेवराईत सव्वीस वर्षं चित्रकला शिकवते. पोरांना पेन्सिल घासायला आणि बोटानं पुसून सावली आणायला शिकवते, कारण परीक्षेत त्यालाच मार्क पडतात. या चित्रात पुसापुशी कुठेच नाही. सगळं काम रेघेचं. पटक्याच्या घडीत रेघ जाड सुरू होते आणि वर येता येता केसाएवढी होते. गालावर रेघासुद्धा नाहीत, नुसते ठिपके आहेत, दाट आणि विरळ. कपाळावर तर काहीच नाही, तिथे कोरा कागद आहे, आणि तरी कपाळावर ऊन पडलेलं दिसतं. दाढीतला पांढरा केस त्या कारागिरानं काढलेलाच नाही. केसाच्या दोन्ही बाजूंची सावली काढली, मधे केस आपला आपण उरला. हे पहिल्यांदा भिंगातून दिसलं तेव्हा मी भिंग पुसून पुन्हा बघितलं होतं. इतकं सुंदर काम करणाऱ्यानं आपलं नावही घातलं नाही, याचा मला रागसुद्धा आला होता.

घोंगडीकडे मात्र मी कधी फारसं बघितलं नव्हतं. त्याच्या खांद्यावर एक मोठी काळी घोंगडी आहे, चित्राचा जवळजवळ अर्धा भाग तिनंच घेतलाय. एवढी जागा भरायची म्हणून कारागिरानं आडव्या-उभ्या रेघा मारून काम उरकलं, असं माझं मत होतं. आणि माझी मतं पक्की असतात.

गेल्या वर्षी श्रावणात आमच्या आठवीतल्या एका मुलीचे वडील घरी आले. चकलांब्याच्या पुढे त्यांची वस्ती आहे. मेंढरं आहेत, थोडं रान आहे. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन बाहेर पडायचं आणि पावसाळ्याला परत यायचं, असा त्यांचा पिढ्यान् पिढ्यांचा शिरस्ता. सोबत त्यांची आई होती. सत्तरीची, काटकुळी, हातभर गोंदलेली. मी दोनदा खुर्चीवर बसा म्हटलं तरी ती खुर्चीच्या पायाशी जमिनीवरच बसली.

तिच्या मुलाचं म्हणणं असं होतं. वडील जाऊन बारा वर्षं झाली. त्यांचा एकही फोटो नाही. मतदानाच्या कार्डावर होता तेवढा एक, तो पावसात भिजून पांढरा पडला. भाद्रपदात पित्राच्या दिवशी पाटावर ठेवायला फोटो नाही, म्हणून हे लोक वडिलांची घोंगडी घडी करून पाटावर ठेवायचे, तिलाच हळद-कुंकू वाहायचे आणि तिच्यापुढेच नैवेद्याचं पान मांडायचे. यंदा पेटी उघडली तर घोंगडीला कसर लागलेली. उचलायला गेले तर हातात भुगा आला. आता पित्राला पाटावर ठेवायला काहीच उरलं नव्हतं. नवीन घरकुल बांधलंय, भिंतीला खिळाही मारून ठेवलाय. मॅडम, तुम्ही आईला विचारून विचारून वडिलांचं चित्र काढून द्या.

मी सरळ नाही म्हणाले. एकदा असंच कुणाच्या तरी सांगण्यावरून गेलेल्या माणसाचं चित्र काढून दिलं होतं, तर नाक वडिलांचं नसून चुलत्याचं आलंय यावरून दोघा भावांत जुंपली आणि शेवटी दोघांनी मिळून मला बोल लावला. तेव्हापासून मी कानाला खडा लावला होता. म्हातारी तोवर एक शब्द बोलली नव्हती. तिनं कमरेची पिशवी सोडली, एका फडक्यात बांधलेला घोंगडीचा वीतभर तुकडा काढून माझ्यापुढे ठेवला. तो तुकडा बघून माझ्या तोंडून हो निघून गेलं.

तीन रविवार ती दोघं येत होती. मी शाळेतल्या पद्धतीनं सुरुवात केली. चेहरा गोल की लांबट, नाक सरळ की बसकं, भुवया जाड की बारीक. म्हातारी प्रत्येक गोष्टीला "आसंच हाय" म्हणायची. मी सरळ नाक काढलं, आसंच हाय. तिसऱ्या रविवारी मुद्दाम तेच नाक खोडून बसकं काढलं, तरी आसंच हाय. माझा पारा चढला. दोन्ही नाकं एकाच माणसाची कशी असतील मावशी, असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. तिनं मान खाली घातली. मुलगा म्हणाला, आये, नीट सांग की, मॅडम येवढा येळ देत्यात. त्या चढ्या आवाजाची मला अजूनही लाज वाटते.

मी चहाच्या निमित्तानं आत गेले. ट्रे घेऊन बाहेर आले तर म्हातारी उठून त्या छापील धनगरापुढे उभी होती. काचेला नाक लागेल इतकी जवळ. चेहऱ्याकडे तिचं लक्षच नव्हतं, ती घोंगडी बघत होती.

"ही जुनी हाय," ती माझ्याकडे न बघताच म्हणाली. "नवी आसती तर खांद्यावर ताठ ऱ्हायली आसती. चिंचोक्याची खळ आसती ना तिला. हिनं पाच-सा पावसाळं खाल्लेत."

मी ट्रे तसाच टेबलावर ठेवला आणि तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. खरंच, खांद्यावरून रेघ सुटते ती सैल होऊन खाली येते. जिथे घडी पडलीय तिथे रेघा एकमेकींत मिसळतात, जिथे लोकर झिजलीय तिथे तुटतात. काठाला तर एक सलग रेघ कुठेच नाही, बारीक बारीक तंतू बाहेर आलेत आणि तिथेच घोंगडी संपते. मी ज्याला उरकलेलं काम म्हणत होते ते चित्रातलं सगळ्यात मन लावून केलेलं काम होतं.

मी चित्र खाली उतरवलं, मागचे खिळे काढले आणि कागद तिच्या हातात दिला. तिनं आधी तळहात लुगड्याला पुसला, मग एक बोट घोंगडीवरून फिरवलं. या जुन्या छापांत शाईची रेघ कागदावर किंचित उभी राहते. कोऱ्या नोटेवरून बोट फिरवलं की लागते तशी ती बोटाला लागते. म्हातारी हसली. तीन रविवारांत पहिल्यांदाच. खरबरीत हाय, म्हणाली, आणि ज्यानं कुणी हे केलं त्यानं एखादी थंडी तरी घोंगडीत काढली असणार, असंही म्हणाली. हे असलं कौतुक मला पंधरा वर्षांत सुचलं नव्हतं.

मग तिनं विचारलं, "पर ह्यो डावरा हाय का?"

मला कळेना. तिनं दाखवलं. चित्रातल्या माणसाची घोंगडी उजव्या खांद्यावर आहे आणि काठी डाव्या हातात. मेंढरांमागचा माणूस घोंगडी डाव्या खांद्यावर टाकतो, उजवा हात काठीला आणि दगड भिरकावायला मोकळा ठेवतो. मुलगा म्हणाला, चित्र हाय ते, चित्रात काय बी आसतं. मीही मान डोलावली आणि ती दोघं गेली.

दुपारी कपबशा विसळताना माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. पाचवीच्या पोरांना मी दर वर्षी बटाट्यावर अक्षर कोरून ठसे काढायला लावते. अक्षर उलटं कोरा रे, छापल्यावर सुलटं होतं, असं दर वर्षी घसा कोरडा होईपर्यंत सांगते. आणि माझ्याच भिंतीवरचा ठसा मला ओळखता आला नाही. मी ओल्या हातांनीच आरसा आणला आणि चित्रासमोर धरला. आरशात घोंगडी डाव्या खांद्यावर गेली, काठी उजव्या हातात आली आणि तो माणूस आमच्याकडच्या कुठल्याही पांदीच्या वाटेवर भेटावा असा झाला. म्हणजे कारागिरानं दुसऱ्या कुठल्या चित्रावरून नक्कल केली नसावी, असं मला वाटलं. तो माणूस त्याच्यासमोर उभा असावा आणि जसा दिसला तसा त्यानं थेट तांब्यावर उतरवला असावा, छापल्यावर उलटा होईल याची फिकीर न करता. मला इतका आनंद झाला की मी सासूबाईंना हाक मारून आरसा दाखवला. त्यांनी आरशात बघून स्वतःचे केस सारखे केले आणि निघून गेल्या.

माझं भिंग पंधरा वर्षांत जिथे पोचलं नाही तिथे ही बाई माझा चहा होईपर्यंत पोचली होती. त्या दिवसापासून तिला शिकवायचा माझा नाद सुटला.

पुढच्या रविवारी मुलगा तिला दारात सोडून बाजाराला गेला. मी तिला आरशातला धनगर दाखवला. आता बरोबर हाय, म्हणाली. बराच वेळ आरशात बघत राहिली आणि मग आपणहून बोलायला लागली.

"बाई, तुमी इचारता नाक कसं, डोळं कसं. मला न्हाई सांगता येत. तोंड पुसत चाललंय माझ्या ध्यानातून. पोराला नका सांगू."

मी नाही सांगणार, असा शब्द दिला. मग काय आठवतं ते सांगा, एवढंच म्हटलं. तिनं सांगितलं ते असं. लग्न झालं तेव्हा ती लहान होती. वडीलधाऱ्यांच्या देखत नवऱ्याकडे मान वर करून बघायची रीत नव्हती. मग चालणं सुरू झालं, तीसेक वर्षं. पुढे तो, त्याच्यामागे मेंढरं आणि सगळ्यांत मागे बिऱ्हाड लादलेलं घोडं आणि ही. दिवसभर चालायचं, मुक्कामाला टेकेतो अंधार पडायचा, तो मेंढरांपाशी आणि ही चुलीपाशी. जन्मभर तिला दिसली ती त्याची पाठ. पाठ मातर डोळं मिटलं तरी दिसती, असं ती म्हणाली.

आणि मी तीन रविवार तिला नाक विचारत होते.

मी वहीचं पान उलटलं आणि म्हटलं, मग पाठ सांगा. तासभर ती सांगत होती. डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली. पटक्याचा शेव, म्हणजे मागे सोडलेलं टोक, मानेवर डाव्या बाजूला. चढ लागला की मान पुढे जायची. घोंगडीच्या काठाला दोन पांढऱ्या रेघा आणि खालच्या कोपऱ्याला ठिणगी पडून जळालेलं एक भोक, ते तिनं पांढऱ्या लोकरीनं भरलेलं, कारण काळी लोकर संपली होती. मी काढत गेले तशी ती रागवायला लागली. खांदा वर गेला, उतरवा. न्हाई, येवढा न्हाई. शेव आखूड हाय. पाय आसा न्हाई टाकत ते. "आसंच हाय" म्हणणारी बाई आता वीस वेळा न्हाई म्हणाली आणि प्रत्येक न्हाईला मला मनापासून बरं वाटलं.

पेन्सिल घासून हे चित्र होणार नव्हतं. मी टाक आणि काळी शाई काढली. एका बाजूला छापील धनगर, दुसऱ्या बाजूला घोंगडीचा तो तुकडा, मधे माझा कागद. पहिल्यांदा मी घोंगडीची बाहेरची कड काढून घेतली आणि आत रेघा भरल्या, तर घोंगडी पत्र्याची दिसायला लागली. कागद फाडला. दुसऱ्या वेळी कड काढली नाही, पण रेघा फार काळ्या झाल्या. ती घोंगडी नव्हती, डांबर होतं. तोही कागद फाडला. मग मी दोन दिवस टाक उचललाच नाही, नुसता भिंगातून तो छाप वाचला. त्यानं काळा रंग कुठेच भरलेला नाही हे तेव्हा ध्यानात आलं. रेघ, मग कागद, मग रेघ. जिथे धागा वर येतो तिथे रेघ सोडलेली आणि धागा खाली गेला की पुन्हा धरलेली. विणणाऱ्याचा हात जसा जातो तशीच त्याची रेघ गेली होती. तिसऱ्या कागदावर मीही तशीच गेले, डावीकडून उजवीकडे, एकेक ओळ. आता काय घोंगडी विणायला घेतली का, असं सासूबाईंनी विचारलं. मी हो म्हणाले आणि ते खरंच होतं. तो कारागीर इथला होता की सातासमुद्रापलीकडचा, मला माहीत नाही, पण त्या दिवसांत मला गुरू होता तर तोच.

पित्राच्या दिवशी मी चौकट वर्तमानपत्रात गुंडाळून वस्तीवर गेले. पाट मांडलेला होता, भिंतीवर खिळा होता, चुलीवर आमटीला उकळी आली होती. मुलानं कागद सोडला आणि त्याचा चेहराच पडला.

"मॅडम, हे तर पाठमोरं हाय," तो म्हणाला. "हार कुनाच्या गळ्यात घालायचा?"

तो उद्धट बोलला नाही, रडकुंडीला आला होता. भावकी जेवायला येणार होती. बापाचं चित्र म्हणून पाठ कशी दाखवायची? त्याचं काही चुकत नव्हतं. मी म्हातारीकडे बघितलं. ती कणीक मळत होती आणि तिनं मान वर केली नाही. मी तिला शब्द दिलेला, त्यामुळे खरं कारण सांगायची सोय नव्हती. मला असंच चांगलं वाटलं, एवढंच मी पुटपुटले आणि आयुष्यात पहिल्यांदा पालकासमोर गुन्हेगारासारखी उभी राहिले. त्यानं चित्र पाटावर भिंतीला टेकवून ठेवलं आणि हार तसाच परातीत राहू दिला.

पहिला पाहुणा आला तो एक म्हातारा, मुलाच्या वडिलांबरोबर वर्षानुवर्षं मेंढरांमागे फिरलेला. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. दारात वहाणा काढता काढता त्याची नजर आत गेली आणि एक वहाण पायातच राहिली.

"आरं," तो मुलाला म्हणाला, "तुजा बा तिकडं तोंड करून कावून बसलाय? रुसलाय का?"

तो तसाच आत आला, पाटापुढे उकिडवा बसला आणि घोंगडीच्या कोपऱ्यातल्या पांढऱ्या रफूवर बोट ठेवलं. ठिणगी पडली त्या रात्री मी तिथंच व्हतो, म्हणाला, मीच पानी वतलं. मग तो खांद्याकडे बघत राहिला आणि त्यानं पटक्याच्या शेवानं डोळे पुसले. मुलगा परातीपाशी गेला, हार उचलला आणि दोन्ही हातांनी चौकटीला घातला. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही.

म्हातारीनं नैवेद्याचं पान मांडलं, पाणी फिरवलं, नमस्कार केला. उठताना तिनं माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि हळूच, फक्त मला ऐकू येईल असं बोलली.

"मागून लई येळा हाक मारली, कवा वळून बघितलं न्हाई त्यांनी. आता ह्या वयात वळले आन् मलाच वळख पटली न्हाई तर, ह्याचंच भ्याव व्हतं. पाठमोरंच ऱ्हाऊ द्या, बाई."

मी तिला धरून चुलीपाशी नेलं आणि आम्ही दोघींनी पानं वाढायला घेतली.